युकाची खळ

दुवानने डब्यातली खळ ढवळली आणि युरानीच्या गाडीच्या पुढच्या टायरवर ब्रशने फासायला घेतली. हाताने चाक फिरवत, बोटभरही जागा न सोडता त्याने पांढरा पट्टा पुरा केला.

“वाळायच्या आत सूट,” तो म्हणाला. “नाहीतर खूण उमटायची नाही, आणि ही सोरायदा म्हणेल, ओळखीतली म्हणून पास केली.”

“म्हणेनच की,” सोरायदा म्हणाली. “पीठ हिचं, खळ हिची. आता तेवढं चाक वर गेलं की झालं. दोन रविवार तेवढंच राहिलंय.”

बाकीचे फिदीफिदी हसले. युरानीने हेल्मेट चढवलं होतं म्हणून बरं, नाहीतर तिचे लाल झालेले कान सगळ्यांना दिसले असते.

पीठ तिचंच होतं, हे मात्र खरं. बेकरीत पहाटेपासून पानदेबोनो, म्हणजे चीजचे छोटे पाव भाजायचे, भट्टी निवली की उरलंसुरलं युकाच्या कंदाचं पीठ पिशवीत भरायचं आणि जत्रेच्या मैदानामागच्या या सिमेंटच्या पट्टीवर आणायचं, हे ती दोन वर्षं करत होती. ‘गिधाडं’ नावाच्या या टोळीत यायचं तर परीक्षा एकच. पहिल्या दिव्याच्या खांबापासून चौथ्या खांबापर्यंत एका चाकावर जायचं. मध्ये कुठे पुढचं चाक टेकलं की सिमेंटवर पांढरा डाग उमटतो, आणि त्या डागापुढे कुणाची वकिली चालत नाही. तिच्या पिठावर नऊ जण पास झाले, नऊ जणांना काळे शर्ट मिळाले. ती आपली पीठवालीच राहिली.

शेवटी जानेवारीत तिने स्वतःच्या कमाईतून एक जुनी, लाल, तीनशे सीसीची स्पोर्ट गाडी घेतली आणि ढकलत थेट घरी नेली. घराच्या पुढच्या खोलीतच तिच्या वडिलांचं गॅरेज होतं. सगळी गल्ली त्यांना आर्सेसिओ मिस्त्री म्हणायची.

“बाबा, मागचं स्प्रॉकेट मोठं बसवून द्या ना. शिकताना साखळीचं चक्र बावन्न दात्यांचं लागतं. पुढचं चाक पटकन उठतं म्हणे.”

आर्सेसिओने मान वर केली नाही. त्या पट्टीवर मोडलेली प्रत्येक गाडी त्याच्याच दारात यायची, आणि कधी कधी गाडीच्या आधी पोराची बातमी यायची. तरी तो नाही म्हणाला नाही. दोन दिवसांनी ग्रीसने माखलेल्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून म्हणाला, “बसवलंय. बावन्न.” आर्सेसिओ मिस्त्रीने सांगितल्यावर पुन्हा तपासून बघायची गल्लीत कुणाची रीत नव्हती. मैदानाकडे मात्र तो एकदाही फिरकला नाही. “मला बघायचं नाही,” एवढंच बोलायचा.

पुढचे सहा महिने चाक वीतभर उठायचं आणि दाणकन् आपटायचं. तिची मनगटं सुजली, एकदा गुडघा फुटला. दुवानने एके दिवशी तिची गाडी मागून घेतली आणि आरामात चौथ्या खांबापलीकडे नेऊन आणली.

“गाडीत काही खोट नाही,” तो म्हणाला. “तू भितेस, बाई.”

तेच तिला सगळ्यात लागलं, कारण तिला ते पटलं होतं. सहा महिने ती मनातल्या मनात स्वतःला भित्री म्हणत आली होती.

परीक्षेला तीन रविवार मिळत, त्यातले दोन गेले होते. पुढच्या रविवारी जत्रेत टोळीचा खेळ. आज चाक टेकलं तर पुन्हा वर्षभर पीठ आणायचं.

तिने गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. डावा पाय मागच्या पायदानावर, उजवा ब्रेकवर. कंबर मागे सरकवली. पहिला खांब जवळ आला तसा तिने क्लच दाबला आणि रेस दिली. नेहमी इथवरच द्यायची. आज तिने अजून पिळली.

“अगं बस! बस की!” दुवान ओरडला.

तिने क्लच सोडला.

गाडी उठली. हँडल छातीवर आलं, समोरचा रस्ता गायब झाला आणि हेल्मेटच्या काचेत नुसतं आभाळ राहिलं. खळीचे थेंब काचेवर तडतडले. दुसरा खांब. गाडी पाठीवर येतेय असं वाटलं, पण तिचा उजवा पाय घाबरला नव्हता. त्याने ब्रेकला हलकेच शिवून गाडी पुढे आणली. रेस, ब्रेक, रेस. तिसरा खांब. तिथे उभी असलेली सोरायदा काहीतरी ओरडली, शिवी होती की काय कोण जाणे. युरानीला हसू फुटलं. हेल्मेटच्या आत ती एकटीच मोठमोठ्याने हसत होती आणि चौथा खांब कधी गेला ते तिला कळलंच नाही. कळलं तेव्हा ती पाचव्याजवळ होती. मग तिने चाक अलगद खाली आणलं.

सगळ्या टोळीने पट्टी पायी तपासली. पहिल्या खांबाअलीकडे पांढरा माग होता. मध्ये काही नाही. सोरायदा तर गुडघ्यांवर बसून बघत आली. चौथ्या खांबाशी उठली, तळहात पँटला पुसले आणि स्वतःच्या अंगातला काळा शर्ट काढून युरानीच्या डोक्यावर टाकला. आत तिने बनियन घातलं होतं, पण तिला त्याचं काय!

“तुझा शिवून येईपर्यंत हा घाल,” ती म्हणाली. “आणि पुढच्या वेळी पीठ कोण आणणार, ते बघा आता.”

युरानी घरी आली तेव्हा आर्सेसिओ गॅरेजच्या दारात कॉफी पीत बसला होता. त्याने शर्ट पाहिला. मग तिच्या हेल्मेटवरचे पांढरे थेंब पाहिले.

“तिसऱ्यापर्यंत?”

“पाचव्यापर्यंत, बाबा!”

तो उठला. कपाटाच्या तळातून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं आणि तिच्या हातात दिलं. आत नवंकोरं, तेल लावलेलं स्प्रॉकेट होतं. वर आकडा कोरलेला होता, बावन्न.

युरानीने ते पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग खाली बसून तिने गाडीच्या मागच्या चाकावरचं ग्रीस शर्टाच्या बाहीनेच पुसलं. बेचाळीस. कंपनीतून आलेलंच.

“मला वाटलं, दमशील,” आर्सेसिओ हळूच म्हणाला. “दमशील आणि सोडशील.”

“सहा महिने मी स्वतःला भित्री समजले, बाबा.”

“भित्रा मी होतो.”

तिला राग आला, चांगलाच आला. हातातलं स्प्रॉकेट भिंतीवर भिरकावावं असं वाटलं. पण तेवढ्यात बाप पाना घेऊन चाकाशी येऊन बसला.

“बसवू आता हे?” त्याने विचारलं.

“नको. राहू दे आहे तेच.” तिने पुडकं त्याला परत दिलं. “पण रविवारी तुम्ही मैदानावर यायचं. माझ्या चाकाला खळ तुम्ही फासायची.”

आर्सेसिओने मान हलवली. हो म्हणाला की नाही, ते तिला नीट कळलं नाही. ती तोंड धुवायला आत गेली.

तिने नळ सोडला आणि बाहेरून बापाचा आवाज आला. समोरच्या केशकर्तनालयातल्या एल्व्हियाबाईंना तो हाका मारत होता, आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा.

“एल्व्हियाबाई, अहो बाहेर या! माझ्या पोरीनं गाडी पाच खांब उचलून नेली! बेचाळीस दात्यांवर!”

“म्हणजे किती हो, मिस्त्री?”

“शिकणाऱ्या कुण्णाला उचलता येत नाही, इतके कमी! मी फसवलं तिला, मी! सहा महिने फसवलं, तरी नेलीन! या, बसा इथं, मोजा तुम्ही स्वतः.”

युरानीने नळ बंद केला. बाहेर एल्व्हियाबाई खरोखरच मोठ्याने दाते मोजायला लागल्या होत्या.