हौदातली पत्री

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी पंपानं तिसऱ्यांदा मान टाकली. उमाशंकरांनी बटण बंद केलं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि मागच्या अंगणातल्या हौदात उतरून तळाचा पंप वर काढला. जाळीवर बेलाची पानं कुणी लिंपून बसवल्यासारखी बसली होती. त्यांच्याखाली झेंडूच्या पाकळ्यांचा काळा रेंदा होता, आणि आतल्या बोटभर पंख्याला हाराचा दोरा आवळून बसला होता. पान बोटानं निघतं, रेंदा ब्रशनं निघतो. दोऱ्याला मात्र सुई लागते. ते काठावर बसून सुईनं एकेक वेढा सोडवू लागले. वय बहात्तर. कंबर मघापासून पुरे म्हणत होती.

हौद काही त्यांच्या हौसेचा नव्हता. दीड वर्षापूर्वी त्यांच्या पत्नी शरणम्मा न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मागच्या पडवीतली खाट हेच त्यांचं जग झालं. झोप गेली. गोळ्यांनी गुंगी यायची, झोप यायची नाही. मग हैदराबादहून लेक आली, मंजुश्री. तिनं पडवीसमोर आठ फूट लांबीचा हौद बांधून घेतला, अकरा मासे सोडले, आणि पंपाचं पाणी एका दगडावरून खाली पडेल असं केलं. त्या पाण्याच्या आवाजात शरणम्मांचा दुपारी दोन तास डोळा लागायचा. पंप थांबला की पाचव्या मिनिटाला त्या जाग्या. आणि उदगीरला नळ यायचा आठव्या दिवशी, तेव्हा हौदाचं पाणी बदलणं ही चैन परवडणारी नव्हती. तेच पाणी गाळून गाळून वापरायचं. पंप आणि गाळणी चालली तर हौद, नाहीतर डबकं.

दोरा कुठून येतो, हे उमाशंकरांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. शेजारच्या पार्वतम्मांकडून. त्या ऐंशीच्या, एकट्या. उमाशंकर त्यांना अक्का म्हणायचे आणि त्या यांना तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. नातं काही नव्हतं, पण चाळीस वर्षांच्या शेजारानं ते झालं होतं. रोज सकाळी अक्कांची लिंगपूजा व्हायची. आदल्या दिवशीची पत्री, म्हणजे बेलाची पानं नि फुलं, त्या आपल्या आडात सोडायच्या. गेल्या वर्षी आड आटला, त्यावर फरशी पडली. दुसऱ्या दिवशी अक्का ताटली घेऊन दोन्ही अंगणांमधल्या दारानं आल्या, हौदात पत्री सोडली, हात जोडले, शरणम्माशी चार गोष्टी बोलून गेल्या.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मागे वळून अक्कांनी विचारलं होतं, "चालतंय न्हवं तम्मा?" आणि यांच्या तोंडून निघालं होतं, "चालतंय की."

त्या एका शब्दाला आता वर्ष झालं होतं. वर्षभर ते रोज पहाटे एकेक पान वेचून जास्वंदीच्या बुडाशी ठेवत आले. पंपाला शरणम्माच्या जुन्या नायलॉन साडीचा तुकडा बांधून झाला. मच्छरदाणी बांधून झाली, तर पाणीच ओढेना. मग एक पाटी लिहिली. 'कृपया' आधी घालावा की नंतर, यातच दोन दिवस गेले; शेवटी पाटी कपाटामागे गेली. उन्हाळ्यात त्यांनी हौदाशेजारी सिमेंटचं एक कडं बसवलं, चुना मारला, वर 'निर्माल्य' असं सुबक अक्षरात लिहिलं. ते पाहून गल्लीतल्या आणखी सहा घरांचं निर्माल्य यायला लागलं. वारा सुटला की कड्यातलं सुकलेलं सगळं हौदात. आणि अक्का कड्यात एक पान टाकायच्या नाहीत. "ते लोकांसाठी. मी तर घरची हाय."

व्यंकटी मोटार दुरुस्तीवाला मंगळवारी आला. पंप उलटासुलटा करून त्यानं नाकाला लावला.

"सर, ही मोटार हाय का सत्कारमूर्ती? सारखी हार घालून बसतीय."

"मी साफ करतो रोज."

"तुम्ही साफ करता, लोक टाकतात. जळका वास येतोय बघा. आता परत दोरा अडकला तर वाइंडिंग जातंय, मग मला बोलवू नका. फेकून द्यायची." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "टाकतंय कोण पण?"

"येतं उडून," उमाशंकर म्हणाले.

खाटेवरून शरणम्मांचा आवाज आला, "गाठ मारलेला हार उडून येतो का रे, व्यंकटी? तूच सांग."

व्यंकटी हसला, पंप बसवून निघून गेला. पाणी दगडावरून पडू लागलं. शरणम्मांनी मान वळवली.

"कॉलेजच्या लायब्ररीत तीस वर्षं 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसलात. पोरांनी काही राखली न्हाई. तुम्हीच राखून बसलात."

"अक्कांना काय म्हणू? पत्री पाण्यात सोडू नका म्हणू? मग कुठं, म्हणाल्या तर? घंटागाडीत?"

"ते त्या बघतील."

"मला सांगता आलं पाहिजे ना."

"मला चालता आलं असतं तर मी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. आता तुमच्या तोंडावर माझी झोप हाय." हे त्या रागानं म्हणाल्या नाहीत, थकून म्हणाल्या, आणि डोळे मिटले. तेच उमाशंकरांना जड गेलं.

येता सोमवार तिसरा. सोमवारी अक्कांकडे एकशेआठ पानं वाहिली जात, दुसऱ्या दिवशी ती सगळी हौदात यायची, आणि गल्लीचं वेगळंच. तोवर बोलायला हवं होतं. बुधवारी अक्कांना गुडघ्याचं दुखणं होतं, दुखणाऱ्या माणसाला काय बोलायचं. गुरुवारी त्या माहेरची आठवण काढून रडल्या. शुक्रवारी, शनिवारी उमाशंकरांनी वाक्य तयार केलं, पाठ केलं. न्हाणीत ते त्यांना चांगलं वाटलं. दाराशी पोचेपर्यंत उद्धट वाटू लागलं.

रविवारी संध्याकाळी ते गेलेच. अक्का चौकटीत बसून उद्याची पानं निवडत होत्या. कीड लागलेलं, तुटकं पान बाजूला.

"ये तम्मा. चहा ठेवू?"

"नको. अक्का, ते हौदाचं..."

"हां, बरं झालं आलास. कालच शेटेंच्या सुनेला म्हणले, पत्री टाकायची तर उमाशंकरच्या हौदात टाक. दुसरीकडं पायदळी जातीय. तो एकेक पान हातानं वेचतो, झाडाच्या बुडाला ठेवतो. पोटच्या लेकाला सांगून होणार न्हाई अशी सेवा करून राहिलाय माणूस. सगळ्या गल्लीला सांगितलंय मी."

उमाशंकर उभेच राहिले. सहा घरं त्यांच्या सुबक अक्षरांमुळे आली नव्हती तर. पहाटे कुणाला दिसू नये म्हणून ते जे करत होते, ते अक्का मधल्या दारातून वर्षभर पाहत होत्या, आणि त्याला सेवा समजत होत्या. आता ती सेवा नव्हती, असं कसं सांगायचं? बरं, नव्हती तर काय होतं ते?

पाठ केलेलं वाक्य कुठंच सापडेना.

"अक्का," ते म्हणाले, "नका टाकू."

"काय?"

"हौदात. नका टाकू पत्री. पंप बंद पडतोय. तिला झोप लागत नाही."

अक्कांचा हात पानांवर थांबला.

"कधीपासनं?"

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासनं?" त्यांनी वर पाहिलं. "वरीस झालं, तम्मा. रोज विचारपूस करत होते मी. रोज हसत होतास की रे."

"म्हणायला जमलं नाही."

"म्हणजे मी रोज तुझ्या घरी घाण टाकून हात जोडत होते."

"घाण नाही हो..."

"जा आता," अक्का म्हणाल्या. "पानं निवडायची हायती."

सोमवारी उजाडता उजाडता उमाशंकर मागे आले, तर अक्का हौदाच्या काठाशी खुर्ची टाकून बसलेल्या. हातात काठी, मांडीवर पत्रीची ताटली. शेटेंची सून परडी घेऊन आली तशी अक्कांनी काठी आडवी केली.

"न्हाई टाकायचं हितं. कड्यातबी न्हाई, वाऱ्यानं ते हौदातच जातंय. तम्माला तरास होतो. वर्षभर होत होता, बोलायला तोंड नव्हतं बिचाऱ्याला. आता मी सांगते. त्याची बायको झोपत न्हाई आपल्या पत्रीपायी."

"अय्यो, सर, सांगायचं न्हाई का!" सून म्हणाली.

उमाशंकर चटकन पडवीत आले. पण आवाज पडवीतही येत होता. एकामागून एक परड्या आल्या आणि प्रत्येकीला अक्कांनी तेच सांगितलं, दर खेपेला थोडं अधिक मोठ्यानं. गुंडप्पा दुकानदार तर मुद्दाम पडवीशी येऊन म्हणाले, "सर, माफ करा बरं का." उमाशंकरांनी त्यांनाच हात जोडले. पानं वेचणं यापेक्षा सोपं होतं, असं त्यांना वाटलं. पंप मात्र एका लयीत चालला होता.

नऊ वाजले, ऊन आलं. बायका परड्या घेऊन मधल्या दाराशी घोळक्यानं उभ्या होत्या. परत न्यायची तर कुठं, कुणालाच कळत नव्हतं. अक्का खुर्चीतच. त्यांच्या मांडीवरच्या ताटलीतली पानं कडेनं वळायला लागली होती. त्यांनी पदरानं त्यांच्यावर सावली धरली होती.

उमाशंकरांना ते पाहवेना. ते बाहेर गेले.

"अक्का, पाण्यातच सोडायची असते ना? कुठलंही पाणी चालेल?"

"चालंल की. पण पाणी हाय कुठं?"

ते बादली घेऊन आले. अक्कांनी बादलीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"देवाचं बादलीत?"

"अहो," खाटेवरून शरणम्मा ओरडल्या, "माळ्यावर माझं घंगाळ हाय की! माझ्या लग्नातलं. तांब्याचं."

स्टूल लागलं, शेटेंच्या सुनेनं ते धरलं. घंगाळ खाली उतरवताना उमाशंकरांच्या कमरेत कळ आली. त्यांनी तोंड फिरवलं. दोघांनी ओढत ओढत ते मधल्या दाराशी आणलं, हौदातल्या दोन बादल्या त्यात ओतल्या. वर्षभर त्यांनी पंपावर, जाळ्यांवर, स्पंजांवर मिळेल ते वाचलं होतं. पंप नसलेलं पाणी ही गोष्ट एकाही दिवशी सुचली नव्हती. अशा माणसानं वाचून तरी काय केलं, असा विचार मनात आला आणि कंटाळून गेला.

अक्का उठल्या. ताटलीतला हार उचलून त्यांनी आधी दोरा ओढून काढला, कमरेला खोचला. मग पानं सोडली. ती घंगाळात फिरली, स्थिर झाली. अक्कांनी हात जोडले, पण 'चालतंय न्हवं' असं काही विचारलं नाही. शरणम्माशी बोलायलाही थांबल्या नाहीत. खुर्ची तिथंच ठेवून गेल्या.

"येतील," शरणम्मा म्हणाल्या. "चार दिवस फुगतील, मग येतील." थोड्या वेळानं त्या झोपल्या.

दुपारी घंगाळ तोंडापर्यंत भरलं. ते ओतायचं तर उचलता येईना. उमाशंकर आतून तांब्या घेऊन आले, शेजारी बसले आणि पत्रीचं पाणी एकेक तांब्या करून झाडांना घालू लागले. हे आता रोज करायचं होतं. मागे दगडावरून पाणी पडत होतं, आणि मधलं दार लोटलेलं होतं. कडी लागली होती की नाही, ते त्यांनी उठून पाहिलं नाही.