सावडीचे गुण

ज्या विभागाची मुलं सगळ्यात कमी शिकलेली निघतील, त्या विभागात पुढच्या वर्षी प्रवेश बंद. प्राचार्यांनी हे सांगितलं आणि चहात बिस्कीट बुडवलं. तेव्हापासून माझं बूड खुर्चीला टिकेना. भूगोलाच्या शेवटच्या वर्षाला मुलं मोजकी, शिकवणारी मी एकटी. सुरी फिरली तर आमच्याच मानेवर फिरणार, हे शिपायालाही कळत होतं.

सगळ्या शाखांची मुलं एकाच मापाने मोजायची होती आणि ते माप मीच ठरवलं होतं. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने आपल्या गावातला एक प्रश्न घ्यायचा आणि वर्गात शिकलेलं वापरून तो तोंडी समजावून सांगायचा. गुण दहापैकी. शिवाय आपल्या मुलांना आपण तपासायचं नाही, कारण स्वतःच्या लेकराला कोणी कमी गुण देत नाही. भूगोलाची मुलं वाणिज्यच्या कैलास सरांकडे, त्यांची माझ्याकडे. हा नियम काढल्याबद्दल मी स्वतःवर फारच खूश होते.

मी मन लावून ऐकलं. हायवेवरच्या धाब्याचा हिशोब समजावणाऱ्या मुलाने विक्रीलाच नफा म्हटलं, त्याला चार दिले. बाकीच्यांनाही चार-पाचच. संध्याकाळी सगळ्यांचे निकाल एकत्र आले तर आमच्या पोरांना सरसकट नऊ. इंग्रजीने इतिहासाला नऊ, इतिहासाने इंग्रजीला नऊ. अख्ख्या कॉलेजात तळाला एकटं वाणिज्य, आणि ते माझ्या हातून. आधी मला हायसं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग त्या हायसं वाटण्याचाच इतका राग आला की डबा न उघडताच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी कैलास सर स्टाफरूममध्ये आले. ते परंदवडीचे, घरची शेती, इथे कंत्राटी नोकरी. भांडले असते तर सोपं होतं, भांडणात मी कोणाला हार जात नाही. पण ते शांतपणे खुर्ची ओढून बसले.

"मॅडम, आमच्याकडं सावड असते. आज माझी बैलं तुमच्या रानात, उद्या तुमची माझ्या. मी तुमचं रान नांगरून दिलं. तुमी आलाच न्हाई."

परीक्षा म्हणजे रान नव्हे, असं मी सुनावलं. त्यांनी ते मान्य केलं आणि विभाग बंद झाल्यावर जूनपासून मी काय करायचं तेवढं सांगा म्हणाले. ते गेल्यावर मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत राहिले, इतक्या की काही हरवलंय का म्हणून शिपायाने विचारलं.

तिथेच हर्षदा आली. भूगोलाचीच, डोंगरातल्या वाडीवरची. बोलणं हळू, पण वर्ग कधी बुडवला नाही. आभार मानायला आली असेल असं मला वाटलं.

"मॅडम, मला नऊ पडले, पण मी काय बोललेच न्हाई," ती म्हणाली. "सरांनी नाव विचारलं आन् जा म्हणाले. मी लय तयारी केलती. माझं कुणी ऐकलंच न्हाई."

मी तडक प्राचार्यांकडे गेले आणि भूगोलाची तपासणी पुन्हा घ्या म्हणाले. आपल्या हाताने पायावर धोंडा कशाला मारून घेताय, त्यांनी विचारलं. कैलास सरांनीही विचार करा म्हणून सांगितलं. विचार करत बसले असते तर माघार घेतली असती, म्हणून मी तारीखच ठरवून टाकली.

तपासायला पुन्हा कैलास सरच. त्या दिवशी मी वर्गात मागच्या बाकावर बसले. पहिली हर्षदा. तिचा प्रश्न वाडीवरचा झरा. पावसाळ्यात धो धो वाहतो आणि शिमग्याच्या आत आटतो. मग बायकांना हंडे घेऊन किती खाली उतरावं लागतं, पोरींची शाळा कशी बुडते, सगळं तिने नीट सांगितलं. कैलास सर पुढे झुकून ऐकत होते. मला बाक टोचू लागला होता.

"एवढा पाऊस पडतो," त्यांनी विचारलं, "मग ते पाणी जातं कुठं?"

खडक, पोरी, खडक, मी मनातल्या मनात ओरडत होते. बेसॉल्टचे थर, त्यांतल्या भेगा, पाणी मुरणं, तीन वर्षं हेच तर शिकवलं होतं. त्या थरांची आकृती तिने परीक्षेत सुरेख काढली होती, मीच तिला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

"न्हाई म्हाईत, सर." मग ती मागे वळली. "मॅडम, तुमाला म्हाईत हाय का, कुटं जातं?"

ते थर तिच्या झऱ्याखालीच आहेत, हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. कोणालाच नव्हतं सांगितलं. बाकीची पोरंही इथेच अडणार, हे मला तिथेच कळून चुकलं.

कैलास सरांचं पेन कागदावर थांबलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी त्यांनी नऊ लिहिले असते.

"चार लिहा, सर," मी म्हणाले. माझा विभाग मी माझ्याच तोंडाने बंद करत होते.

हर्षदा अजून माझ्याकडेच बघत उत्तराची वाट पाहत होती.