सातवी पेटी

"योसेफ, या सहा पेट्या एकाच खेपेच्या ना रे?"

आबासाहेबांनी असं गोडीनं विचारलं आणि योसेफनं ब्रशचा हात पाठीमागं नेला. मोठे कारकून गोड बोलले की काहीतरी बिनसलेलं असणार, हे भिंगारच्या लष्करी गुदामात सगळ्यांना ठाऊक होतं.

खेपेचा नंबर १४२८५७. सगळ्या पेट्यांवर तोच हवा. पण एकीवर उमटला होता ४२८५७१, दुसरीवर २८५७१४. सहा पेट्या, सहा तऱ्हा!

लढाईचे दिवस, त्रेचाळीस साल. पेट्यांवर नंबर रंगवणं हे योसेफचं काम. पण मागच्या हिवतापापासून त्याचा हात कापायचा. ते कुणाला कळू नये म्हणून त्यानं पत्र्याचं गोल रिंगण करून त्यात आकडे कोरले होते. ते चाकासारखं पेटीवर फिरवायचं, आतून रंग फासायचा. सुरुवात कुठून, ही खूण करायचीच राहून गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

"चारला गाडी सुटते. पुन्हा रंगवलं तर वाळायचं कधी? उद्यापासून येऊ नकोस," आबासाहेब म्हणाले.

तेवढ्यात योसेफची बायको हन्ना भाकरी घेऊन आली. मिशनच्या शाळेत मुलींकडून पाढे घोकून घेणारी बाई. आकडे दिसले की तिला राहवेना. तिनं खडूनं फळीवर गुणाकार मांडला.

"अहो, ही दुप्पट हाय! आन् ही तिप्पट. आकडे तेच, नुसते फिरलेत."

पावकी-निमकीच्या पाढ्यांवर जीव टाकणारे आबासाहेब चष्मा सावरत पुढे आले. एकपटीपासून सहापटीपर्यंत सगळे आकडे हजर, एकही दोनदा नाही! त्यांचा राग पार विरघळला.

"म्हणजे नंबरावरूनच कळेल कितवी पेटी! यादीत असंच लिहितो. तू ठरवून केलंस काय रे?"

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण योसेफला खोटं बोलवेना.

"न्हाई साहेब. सुरवातीची खून करायची इसरलो. आन् रिंगन केलं ते हात कापतो म्हनून."

आबासाहेबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. इतक्यात हमालांनी याच खेपेची, मागं राहिलेली सातवी पेटी आणून टेकवली. आबासाहेबांनी खेपेच्या नंबराची सातपट केली आणि लहान मुलासारखे हसले. ९९९९९९!

"रिंगनात नऊ न्हाई, साहेब."

"मग हातानं काढ."

हन्ना त्याचा हात धरायला पुढे झाली. त्यानं मानेनंच नको म्हटलं. श्वास रोखून एकेक नऊ काढला. ड्रायव्हर भोंगा वाजवत राहिला. आबासाहेबांनी त्याला दरडावून गप्प केलं.

सहा नऊ झाले. शेवटचा जरा वाकडा आला. योसेफ चिंधी घेऊन पुसायला गेला.

"राहू दे," आबासाहेब म्हणाले. "उद्या आठला ये. वेळेवर."

गाडी फाटकाबाहेर पडली. सातवी पेटी सर्वांत मागं होती. वळणापर्यंत योसेफला आपले नऊ दिसत होते, आणि ब्रश अजून त्याच्या कापऱ्या हातातच होता. या वेळी त्यानं तो हात पाठीमागं लपवला नाही.