बिरागोबाईंचा न फुटणारा टोप

मी एक जुना ॲल्युमिनियमचा टोप आहे. मित्रांनो, कुमासी शहरातल्या भट्टीत मी जन्मलो, तेव्हा ओतारी क्वार्टेंगकाकांनी मला हातोडीने ठणकन वाजवलं. "बिरागोबाई, न्या बिनधास्त! हा फुटायचं नाव घेणार नाही." हे ऐकून मी जो शेफारलो, तो कित्येक वर्षं शेफारलेलाच होतो.

काम मात्र चोख केलं हं! बिरागोबाई माझ्या दोन्ही कानांत लोखंडी सळ्या अडकवायच्या, त्या पायांनी दाबून धरायच्या आणि आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा बान्कू घाटायच्या. गल्ली जेवायची, नाव माझं व्हायचं.

बिरागोबाई गेल्या. वर्ष सरत आलं, त्यांच्या वर्षाच्या जेवणाची तयारी चालली होती आणि अंगणातच दोघी लेकींची जुंपली.

"मी थोरली. टोप माझ्या घरी जाणार," कोनादू म्हणाली.

"थोरली म्हणे! आईच्या आजारपणात चूल कुणी सांभाळली?" धाकटी दुफी कडाडली.

"सांभाळलीस! गुठळ्यांचा बान्कू घालून आजारी माणसाला आणखी आजारी केलंस!"

एकीने एक कान ओढला, दुसरीने दुसरा. मी निसटलो आणि चुलीच्या दगडावर आपटून बुडापर्यंत तडकलो.

"आई दुसऱ्यांदा गेली गं!" दुफीने हंबरडा फोडला.

"तुझ्यामुळे! आजपासून तू माझी कुणी नाहीस."

मला फार वाईट वाटलं. दुफी मला डोक्यावर घेऊन भट्टीकडे निघाली. ही टोप परस्पर लांबवेल, म्हणून कोनादूही मागोमाग आली.

"तुम्ही तर म्हणाला होतात, फुटणार नाही!" दोघी काकांवर तुटून पडल्या.

"अगं, गिऱ्हाईकाला दुसरं काय सांगणार? न फुटणारं जगात काहीच नसतं. पण हा वितळतो ना! मग रडताय कशाला?"

त्यांनी माझा तडा मातीने लिंपला आणि मला वाळूत दाबून दोन साचे घेतले. अंगावरचा पोचासुद्धा वाळूत उमटला. मग घण घातला! एका मोटारीच्या इंजिनाच्या तुकड्यांसोबत माझे तुकडे मुशीत पडले. मी घाबरलो, लाल झालो, पाणी झालो, दोन्ही साच्यांत उतरलो आणि निवल्यावर दोन टोप होऊन बाहेर आलो.

"यातला आईचा कुठला?" कोनादूने विचारलं.

"शोधा! रस एकाच मुशीतला. कुणात आई जास्त, ते मलाही कळायचं नाही."

दोघींनी आम्हांला वाजवून पाहिलं. आवाज एकच.

"ताई, आधी तू घे," दुफी पुटपुटली.

"तू घे. तुझ्या गुठळ्या मोडायला चांगला टोप हवा," असं म्हणत कोनादूने तिला जवळ ओढलं. दोघी रडता रडता हसल्या.

मित्रांनो, आम्ही आता छाती फुगवून सांगतो, आम्ही फुटतो! म्हणून तडकलेलं भांडं उकिरड्यावर फेकू नका, भट्टीत न्या.

वर्षाच्या जेवणाला आम्ही शेजारशेजारच्या चुलींवर रटरटत होतो. एका पाहुण्याने विचारलं, "बिरागोबाईंचा टोप कुठला हो?"

दोघी बहिणींनी एकदमच एकमेकींच्या चुलीकडे बोट दाखवलं.