एक लाख आत्या

“टेस्ट पास झालीये ना काका? मग करा की सही,” साहेबाने पेन गर्दीवाल्यांच्या नाकासमोर धरलं.

“सकाळची टेस्ट पास झाली. जेवणानंतरची नापास.”

नवी वेबसाइट उघडण्याआधी तिच्यावर खोटी माणसं सोडायची आणि ती किती जणांच्या भाराने कोसळते ते पाहायचं, हा गर्दीवाले काकांचा धंदा आणि त्यावरूनच पडलेलं नाव. बावीस वर्षांत त्यांनी इतकी खोटी माणसं पैदा केली होती, की ती खरी असती तर पृथ्वी एका अंगावर कलंडली असती. घरात मात्र खरी माणसं दोनच. ते आणि त्यांची आत्या.

उद्याची साइट होती गुडघ्यांच्या मोफत शस्त्रक्रियेच्या नोंदणीची. एकच दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. मागच्या वेळी साहेबाच्या घाईपायी गर्दीवाल्यांनी सही केली, साइट सातव्या मिनिटाला आडवी झाली आणि त्यांची खुर्ची संडासाच्या दाराशी गेली. आता साइट पडली तर खुर्ची थेट रस्त्यावर जाणार होती.

दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा त्यांनी सरावाचा फॉर्म आत्यापुढे ठेवला होता. आत्याचे गुडघे असे, की ती उठली की शेजारी खिडकी उघडून विचारायचे, काय मोडलं?

“चष्मा आण. हा नव्हे, वाचायचा.”

“आत्या, अटी कुणी वाचत नाही गं.”

“मग लिहिल्या कशाला? कुणा बिचाऱ्याने बसून लिहिल्यात.”

‘किती वर्षांपासून दुखतं’ या चौकटीपाशी ती जिन्यावरून घसरली ते साल आठवू लागली. साल आठवेना, पण त्या दिवशी कुणाशी भांडण झालं होतं ते शब्दन्‌शब्द आठवलं. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. उठून परत बसेपर्यंत दहा मिनिटं उलटली आणि फॉर्मवर अक्षरं आली: तुमची वेळ संपली.

“हे मला यमाने सांगावं,” आत्या म्हणाली. “हा कोण लागून गेला?”

वेळेची अट काढून आत्याला पुन्हा बसवलं, तर तिला अडतीस मिनिटं लागली. गर्दीवाले तडक ऑफिसात आले, सकाळची, चाळीस सेकंदांत फॉर्म भरून तुरुतुरु पळणारी खोटी माणसं पुसली आणि त्यांच्या जागी एक लाख आत्या सोडल्या. नऊ हजाराव्या आत्याला साइटने मान टाकली. प्रत्येक आत्या सर्व्हरचा हात धरून बसली होती आणि चष्मा सापडेपर्यंत सोडायला तयार नव्हती.

“जगात इतकी हळू माणसं नसतात काका.”

“चाळीस सेकंदांत फॉर्म भरतो त्याचे गुडघे दुखत नसतात, साहेब.”

साहेब चिडला. याला खोटा पाडायचाच म्हणून त्याने वेळेची अट काढलेला तोच सरावाचा फॉर्म स्वतःच्या आईला पाठवला, फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “आई, एक फॉर्म पाठवलाय. भर पटकन. मी फोनवरच आहे.”

“भरते की. तू जेवलास?”

“जेवलो. भर.”

“काय जेवलास?”

पंधराव्या मिनिटाला आईने विचारलं, “तिसरी अट तुला कळली का रे? मला नाही कळली.” साहेबाने वाचली. त्यालाही कळली नाही. विसाव्या मिनिटाला त्याने पेन टेबलावर ठेवलं. तिसाव्याला खिशात घातलं.

“आई, तुझे गुडघे कधीपासून दुखतात?”

“फॉर्म विचारतोय तेच तू विचारतोस? नऊ वर्षं झाली. तुला सांगितलं होतं.”

साहेब बराच वेळ टेबलाच्या कडेवरचा एक ओरखडा नखाने कोरत बसला. मग त्याने फोन ठेवला आणि सगळ्या ऑफिसला कामाला लावलं. दहा मिनिटांची अट गेली. भरलेली चौकट तिथल्या तिथे साठवायची आणि सर्व्हरचा हात मोकळा करायचा, अशी तजवीज झाली. संध्याकाळी लाखभर आत्या पुन्हा सोडल्या. साइट जागची हलली नाही. गर्दीवाल्यांनी सही केली, स्वतःच्या पेनाने.

दुसऱ्या दिवशी ते घरातून निघताना म्हणाले, “आत्या, तुझा फॉर्म मी भरून टाकू का? चुटकीसरशी होईल.”

“माझे गुडघे, माझा फॉर्म. दुपारची झोप झाली की बसते.”

दहा वाजता भिंतीवरचा पडदा हिरव्या ठिपक्यांनी भरून गेला. एक ठिपका म्हणजे एक उघडा फॉर्म. साइट दिवसभर उभी राहिली. चारनंतर ठिपके विरळ होत गेले, लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून घरी गेले. पाचला पाच कमी असताना पडद्यावर एकच ठिपका उरला होता. बारा चौकटींतल्या नवव्या चौकटीत.

“तुमची आत्या असेल,” साहेब म्हणाला.

“तुमच्या आई असतील.”

फोन दोघांच्याही खिशात होते. काढला कुणीच नाही.

पाचला एक मिनिट असताना ठिपका दहाव्या चौकटीत गेला. साहेबाने कीबोर्डवर वाकून नोंदणी बंद व्हायच्या वेळेत पाचाचे सहा केले. मग संडासाच्या दाराशी गेला, तिथली खुर्ची स्वतः उचलून आणली आणि पडद्यासमोर मांडली.

“बसा काका. वेळ लागेल.”