घोंगड्यामागची बाई

मिशी काढली मी, लुगडं नेसलो मी, चुलीपुढं धूर खाल्ला मी. आणि साप्ताहिकानं वाहवा केली दुसऱ्याच बाईची! माझं डोकंच फिरलं.

माझा थोरला भाऊ गुंडादादा फिरत्या सिनेमात मशीन चालवायचा. मेंढरं विकून त्यानं जुना कॅमेरा घेतला आणि घरातल्याच माणसांचा विनोदी मूकपट काढला. कडाक्याची थंडी, सात माणसं आणि एकच घोंगडं, एवढीच गोष्ट. घरातल्या बायका पडद्यावर यायला तयार होईनात, म्हणून घरधनिणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. लुगडं म्हाळसावहिनीचं होतं. वहिनी म्हणजे दादाची बायको. ती तापानं गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते. तिची दोन्ही पोरं चित्रात होती.

सात रस्ता चौकाजवळ पत्र्याच्या थेटरात खेळ लागला. लोक पोट धरून हसले. साप्ताहिकातल्या टीकाकारानं मात्र लिहिलं : 'लुगडं नेसलेला नट हातवारे फार करतो. खरी मजा आणली ती त्याच्या मागं बसलेल्या बाईनं. ओढाओढीत उघड्या पडलेल्या पोरांवर ती गुपचूप घोंगडं सारते आणि तोंडाला पदर लावून हसते.'

"बाई? आपुन बाई घेतलीच कुटं?" मी पेपर आपटला.

दादाचा चेहरा उतरला. "पदर लावून… म्हाळसाच तशी हसायची की रं, धुळाप्पा."

त्या दिवसापासून तो प्रत्येक खेळाला जाऊन बसू लागला. आम्हा दोघांना पडद्यावर माझ्यामागं नुसती भिंत दिसायची. खेळ सुटला की दादा दारात उभा राहून येईल त्याला विचारायचा, "त्या बाईनं आज काय केलं?"

"लई ग्वाड बाई! धाकट्याला मांडीवर घेतलं की तिनं," कुणी सांगायचं. आदल्या दिवशी तिनं त्याचे केस विंचरलेले असायचे. माझ्या अंगावर काटा यायचा. दादा घरी येऊन रडायचा. "साऱ्या गावाला दिसती, मलाच का न्हाय दिसत?" मला त्याची कीव यायची, आणि खोटं कशाला बोलू, तिचा हेवाही वाटायचा.

साप्ताहिकात पुन्हा दोन ओळी आल्या. 'ती बाई आता पुढं सरकली असून नटाच्या अगदी पाठीला टेकून बसते.' वाचताना माझी पाठ गार पडली.

"दादा, बंद कर ह्यो खेळ."

"तिला बगितल्याबिगर न्हाय."

शेवटच्या खेळाला मी त्याच्या शेजारीच बसलो. पडद्यावर मी आमटीचा डाव उगारला आणि दादा एकदम उठून उभा राहिला. "आली! आली की माझी म्हाळसा!" तो हसत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला तिथं मीच दिसत होतो, पण त्याच्यासाठी मला फार बरं वाटलं.

मग तो खाली बसला आणि पलीकडच्या माणसाकडं वळला. "अवो, हितं लुगडं नेसून माझा भाव काम करत हुता. त्यो कुटं दिसंना?"

"भाव कुटला? हितं ही बाईच हाय की."

"दादा, मी हितं हाय," असं म्हणून मी त्याचा हात धरला.

दादानं मनगट चोळलं. "लई गार वारं सुटलंय," तो त्या माणसाला म्हणाला, आणि माझ्यातून आरपार दाराकडं बघत राहिला. "आमचा धुळाप्पा अजून आला न्हाय व्हय?"