बाहेरून लावलेली कडी

जिंतूरच्या डोंगराकडेला मेंढरं राखणाऱ्या भिवराबाईनं बन्सीधरला भाऊ मानलं होतं. तो निझामाविरुद्ध लढणाऱ्या क्यांपातला. निझामाचे बंदूकधारी रझाकार मागावर असले की तो तिच्या मेंढवाड्यात लपायचा.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात चार रझाकार बंदुका घेऊन गावाबाहेरच्या पिंजाऱ्याच्या घरात घुसले. पिंजारी कामाला परगावी होता. घरात त्याची बायको अमिनाबी, आंधळी सासू आणि दोन लेकरं. पाण्याला आलेली अमिनाबी विहिरीवर भिवराबाईचा हात धरून रडली.

"मी बोलावलं न्हाई त्यांना. आमी मुसलमान, म्हनून हक्कानं बसलेत. तुझ्या भावाला सांग, काढा यांना. पन माझी लेकरं आत हायेत."

भिवराबाईनं निरोप दिला. बन्सीधरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"अक्का, तुझी शपथ. बाया-लेकरं भाईर आल्याबिगर आमी हात लावनार न्हाई. सकाळी धुन्याचं निमित्त करून समद्यांना विहिरीवर आनायला सांग अमिनाला. आमी ओढ्यात थांबतो."

सकाळी अमिनाबी विहिरीवर एकटीच आली. "लेकरं सोडंनात. म्हातारीलाबी बसवून ठेवलंय."

"भिऊ नको," म्हणत भिवराबाई बन्सीधरला थांबवायला ओढ्याकडं पळाली. ओढ्यात कुणीच नव्हतं. ती मागं वळली तर पिंजाऱ्याच्या खिडकीतून धूर निघायला लागला होता. आत कापसाचे ढीग. दोघी पोचेपर्यंत छप्पर खाली आलं होतं; आतलं कुणीच वाचलं नाही.

रझाकारांनी लेकरं आड धरली म्हणून ती मेली, असं गाव म्हणू लागलं. बन्सीधरही तेच सांगत होता. पण अर्धवट जळालेलं दार भिवराबाईनं पाहिलं होतं. त्याची कडी बाहेरून लावलेली होती.

बन्सीधर मेंढवाड्यावर आला तेव्हा तिनं त्याला आत घेतलं नाही.

"कडी कुनी लावली?"

"मी. दार उघडं ऱ्हायलं असतं तर चौघंबी निसटले असते. त्यांनी आजवर किती गावं जाळली, तुला ठाव न्हाई का? उद्या आनखी जाळली असती."

"लेकरं आत हायेत, हे दिसलं न्हाई तुला?"

"दिसलं."

"मग मला शब्द कशाला दिलास? न्हाई म्हनला असतास तर मी अमिनाला सावध केलं असतं."

"म्हनूनच दिला, अक्का."

भिवराबाई मेंढवाड्याच्या काटेरी कुंपणाला धरून उभी राहिली.

"चल माझ्यासंग. तिच्या तोंडावर सांग."

"निझाम पडू दे. मग येतो."

पुढच्याच महिन्यात निझामानं हार मानली. गावोगाव झेंडे लागले, बन्सीधरच्या गळ्यात हार पडले. भिवराबाईनं त्याला दोनदा निरोप धाडला. तो आला नाही.

शेवटी ती एकटीच जिंतूरला गेली. अमिनाबी तिथं भावाकडं राहत होती. भिवराबाई उंबऱ्याबाहेर बसली आणि तिनं सगळं सांगितलं: शपथ, कडी, तो काय म्हणाला ते.

सांगून झाल्यावर अमिनाबीनं विचारलं, "तो कुठं हाय?"

"आला न्हाई."

"तू तर मला त्या सकाळीबी म्हनलीस, भिऊ नको."

"मला त्याचं खरं वाटलं होतं, बहिनी."

"मलाबी," अमिनाबी म्हणाली आणि आत निघून गेली.